जुना ट्रॅक्टर विकताना



बैलजोडी विकण्याची आपली रीत फार जुनी. बाजारात दलाल मध्ये बसतो, उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो, बाजार समितीची पावती फाटते आणि कासरा घेणाऱ्याच्या हाती गेला की त्या जोडीचा व आपला संबंध संपतो. पुढे त्या बैलाने कोणाला शिंग मारले तर ते नव्या धन्याने पाहायचे.

ट्रॅक्टरचे तसे नाही. आपली मंडळी मात्र ट्रॅक्टरही बैलासारखाच विकतात. ओळखीचा माणूस घेऊन गिऱ्हाईक दारी येते, चहा होतो, पैसे मोजले जातात, स्टँपपेपरवर चार ओळी लिहून साक्षीदारांच्या सह्या होतात आणि ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडतो. घरात समाधान असते की व्यवहार पुरा झाला. खरे तर तो अर्धाच झालेला असतो. आरसी बुकावर तुमचे नाव जोवर आहे, तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच.

हे नुसते भीती घालण्यासाठी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालक कोण, तर ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याच व्याख्येवर बोट ठेवले. त्यातील मोटार एकामागून एक अशी अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा गाडीचा विमा नव्हता. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडी हातातून जाऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, तरीही.

आता हे आपल्या शिवारात आणून पाहा. समजा, तुम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली विकली. पहिले काही महिने तुमचा विमा चालू आहे. मुदत संपल्यावर घेणाऱ्याने तो भरलाच नाही. ट्रॉलीच्या मागे तांबडे दिवे नाहीत, चकाकणाऱ्या पट्ट्या नाहीत. रात्री उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहिली आणि मागून मोटारसायकलवाला येऊन धडकला. दावा लागला की नोटीस येते ती आरसीवरील नावाला आणि पत्त्याला, म्हणजे तुमच्या घरी. दुसरा धोका वाळूचा. चोरटी वाळू वाहताना ट्रॅक्टर सापडला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली महसूल खाते तो जप्त करते आणि चौकशी नोंदलेल्या मालकापासून सुरू होते. आपण तो ट्रॅक्टर कधीच विकला, हे सिद्ध करीत तहसील कचेरीचे खेटे तुम्हीच घालायचे. बैल गेला नि झोपा केला, अशी गत होते.

तेव्हा गिऱ्हाईक शोधण्याआधी कागद पाहा. आरसीवरील नाव कोणाचे? वडील वारले आणि नोंद अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी ती वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. त्यासाठी नमुना ३१ आहे. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. भावाभावांत बोलणे आधी झालेले बरे. नंतर, नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, तिचा क्रमांक वेगळा असतो. ट्रॉलीही विकणार असाल तर तिचेही नाव बदलायला हवे. पुष्कळदा ट्रॅक्टरचे कागद होतात आणि ट्रॉली राहून जाते.

कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरच्या आरसीवर बँकेचा बोजा असतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे तो उतरला असे गृहीत धरू नका. बँकेकडून बेबाकी दाखला आणि नमुना ३५ घ्या व आरसीवरील नोंद कमी झाल्याची खात्री करा. त्याच कर्जासाठी जमीन तारण असेल तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातही बोजा चढलेला असतो. बँकेचे पत्र तलाठ्याकडे देऊन तोही उतरवून घ्या. ट्रॅक्टर शासनाच्या अनुदानातून घेतला असेल, तर त्या वेळी दिलेले हमीपत्र काढून वाचा. त्यात जी मुदत लिहिली असेल तिच्या आत तो विकता येत नाही. दंडाची जुनी चलने असतील तर तीही भरून टाका.

गिऱ्हाईक आले की यंत्राबद्दल खरे सांगा. विकण्याआधी नवा रंग मारण्याने जाणकार माणूस उलट संशय घेतो. स्वच्छ धुवा, एअर क्लीनर साफ करा, ऑइल बदला, बॅटरी भरून ठेवा. इंजिन थंड असताना त्याच्यासमोर सुरू करून दाखवा. निळसर धूर निघत असेल तर इंजिन ऑइल खाते, हे तो ओळखणारच. तुम्हीच आधी सांगून किमतीत धरलेले चांगले. लिफ्टवर अवजार उचलून थोडा वेळ तसेच ठेवून दाखवा, ते आपोआप खाली बसू नये. दुरुस्तीची बिले जपून ठेवली असतील तर ती पुढे करा. मीटरवरच्या तासांपेक्षा बिलांवर गिऱ्हाईक अधिक विश्वास ठेवते.

आता पैसे. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. तीच रक्कम दोन-तीन वेळा मिळून घेतली तरी व्यवहार एकच धरतात आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणून किंमत बँकेतून घ्या. चेक दिला तर तो वटून रक्कम खात्यात दिसेपर्यंत ट्रॅक्टर हलवू देऊ नका. पैसे पाठवल्याचे मोबाइलवरचे चित्र हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम हाच पुरावा.

व्यवहार ठरल्यावर नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. यांनाच लोक ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. वाहन दिल्याची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यायची असते, तर घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. गिऱ्हाईक परराज्यातले असेल तर आपल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि विकणाऱ्याची मुदत ४५ दिवसांची असते. विमाही घेणाऱ्याच्या नावे करण्यासाठी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दलालाच्या हाती कधीही देऊ नका. अशा कोऱ्या सह्यांवर एक ट्रॅक्टर चार हात फिरतो आणि नाव तुमचेच राहते. फॉर्मवर घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख तुमच्या डोळ्यांदेखत भरली पाहिजे.

माझा सल्ला असा, की घेणाऱ्याला बरोबर घेऊन नाव बदलण्याचा अर्ज आधी दाखल करा आणि पोच हाती आल्यावरच किल्ली द्या. तो म्हणेल, “पेरणी खोळंबली आहे, आज ट्रॅक्टर द्या, कागद आठवड्यात करू.” माणूस भला असला तरी आठवड्याचा महिना होतो आणि महिन्याचे वर्ष. अगदीच अडले तर ताबा पावती करा. तीत ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे क्रमांक, चेसिस व इंजिन क्रमांक, किंमत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. घेणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या, त्याच्या आधार कार्डाची प्रत जोडा. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत त्याच्याकडून अनामत म्हणून ठेवून घ्या. ही पावती पुराव्याला उपयोगी पडेल, पण तिने मालकी बदलत नाही. म्हणून नमुना २९ ची सूचना मुदतीत दाखल करून तिची पोच जपून ठेवाच. महिनाभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरील एमपरिवहनवर क्रमांक टाकून नाव बदलले का, ते पाहा. नसेल बदलले तर घेणाऱ्याच्या दारात जा, लाजू नका.

घरातील कागदपत्रांची पेटी बहुधा घरधनिणीच्या ताब्यात असते. भगिनींनो, या आठवड्यात ती एकदा उघडा. पूर्वी विकलेल्या ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा किंवा मोटारसायकलचा एखादा जुना कागद सापडला, तर तिचा क्रमांक घालून आज नाव कोणाचे आहे ते मुलाबाळांकडून पाहून घ्या. तुमच्याच घरचे नाव निघाले तर घेणाऱ्याला शोधून ते काम पावसाआधी उरकून टाका.