नवे पक्ष आणि विभागलेला मतदार

जालना लोकसभा मतदारसंघाची 2024 सालची निवडणूक होऊन गेली. जिंकलेल्यांनी गुलाल उधळला, हरलेल्यांनी कारणे शोधली, आणि फुलंब्रीच्या पेठेतील चर्चाही यथाकाल थंडावली. परंतु त्या निकालातील एका आकड्याकडे जितके लक्ष द्यावयास पाहिजे होते, तितके कोणी दिले नाही, असे आम्हांस वाटते. काँग्रेसचे कल्याण काळे यांनी 1999 पासून ती जागा राखून असलेले रावसाहेब दानवे यांचा 1,09,958 मतांनी पराभव केला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच निवडणुकीत आमच्याच तालुक्यातील गेवराई पायगा गावचे सरपंच मंगेश साबळे यांस, पाठीशी कोणताही पक्ष नसता, दीड लाखांहून अधिक मते पडली. म्हणजे जयपराजयातील अंतराहूनही ही मते अधिक भरली.

विहिरींच्या मंजुरीसाठी लाच मागितली जाते असा आरोप करून 2023 साली फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर नोटा उधळणारे ते हेच सरपंच. त्यांची रीत कोणास रुचो वा न रुचो. दीड लाख लोक दोन्ही मोठ्या आघाड्यांकडे पाठ फिरवून एकट्या माणसामागे उभे राहतात, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खास नव्हे. उलट फुलंब्री विधानसभा मतदारसंघाचा इतिहास पाहावा. 2009 साली काँग्रेस, 2014 व 2019 साली भारतीय जनता पक्ष, 2024 सालीही तोच. चार निवडणुकांत जागा दोनच पक्षांत फिरली. असंतोष इतका असता नवा पक्ष येथे रुजत का नाही, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

पहिले कारण मतमोजणीच्या रीतीत आहे. ज्यास सर्वांत अधिक मते, त्याची जागा. बाकीच्यांची मते खतावणीत जमा असूनही पेटीत शून्य. ही रीत आपण इंग्लंडकडून घेतली, आणि तिचा चटका खुद्द इंग्लंडातील नव्या पक्षांसही बसतो. तेथील 2024 च्या निवडणुकीत रिफॉर्म या नव्या पक्षास सुमारे 41 लक्ष मते पडली, आणि जागा मिळाल्या 5. त्याच निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षास सुमारे 35 लक्षच मते पडली, आणि जागा मिळाल्या 72. मते कमी असून जागा चौदापट कशा? तर एकाची मते देशभर विखुरलेली, दुसऱ्याची ठराविक ठिकाणी साठलेली. दहा गावच्या बाजारांत मूठ मूठ माल पसरणाऱ्यापेक्षा एकाच पेठेत दुकान भरून मांडणारा तग धरतो, हे आमच्या व्यापारी वाचकांस नव्याने सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मतदार विभागला की नव्यास वाट मिळतेच; दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. आमच्या जिल्ह्याच्या शहराचाच दाखला घ्या. 2014 साली सेना व भाजप वेगवेगळे लढले, तेव्हा औरंगाबाद मध्य मतदारसंघातून मजलिसचे इम्तियाज जलील निवडून आले. मजलिस हैदराबादेत जुनी. पण मराठवाड्यातील विधानसभेच्या राजकारणात ती नवीच होती. 2019 साली वंचित बहुजन आघाडीच्या साह्याने तेच लोकसभेवर गेले. त्या वेळी हर्षवर्धन जाधव यांनी अपक्ष राहून पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली होती, आणि चंद्रकांत खैरे यांचा पराभव अवघ्या 4,492 मतांनी झाला. पुढे मजलिस व वंचित यांची फारकत झाली. 2024 साली शिवसेनेचे दोन्ही गट परस्परांविरुद्ध उभे असूनही जलील यांचा 1,34,650 मतांनी पराभव झाला. तात्पर्य, मतविभागणी दार उघडते. पण ते दार दुसऱ्याच्या हातचे असते. आज उघडले ते उद्याही उघडेच राहील, या भरवशावर कोणी घर बांधू नये.

जागा मिळाल्या म्हणजे पक्ष टिकला असेही नव्हे. महाराष्ट्र नवनिर्माण सेना 2006 साली स्थापन झाली आणि 2009 साली तिचे 13 आमदार निवडून आले. 2012 साली नाशिक महापालिकेत 40 जागा जिंकून तिने महापौरपदही मिळविले. परंतु 2014 व 2019 साली तिचा एकेकच आमदार आला, 2017 साली नाशकात 40 च्या 5 जागा उरल्या, आणि 2024 साली विधानसभेत एकही नाही. वक्तृत्वाने सभा भरते. मतपेटी एकदा भरते, दुसऱ्यांदा भरेलच असे नाही. दुसऱ्यांदा ती भरावयाची तर मधल्या पाच वर्षांचा हिशेब दाखवावा लागतो.

मग टिकले कोण? इंग्लंडातील मजूर पक्षाचे बीज 1900 साली पडले. 1903 साली त्याने लिबरलांशी जागांचा गुप्त समझोता केला, 1906 साली 29 जागा मिळविल्या, आणि त्याचे पहिले मंत्रिमंडळ 1924 साली बनले. आमच्याकडे शिवसेना 1966 साली निघाली. तिचा पहिला आमदार 1970 साली आला, मुंबई महापालिका 1985 साली तिच्या हाती आली, 1988 साली औरंगाबाद महापालिकेत तिने 27 जागा घेतल्या, आणि भाजपशी युती करून ती राज्याच्या सत्तेवर आली 1995 साली. या दोन पक्षांच्या मतांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण दोघांसही सत्तेपर्यंत पोहोचण्यास पाव शतक लागले, दोघांनीही आधी ठराविक ठिकाणी मूळ धरले, आणि दोघांनीही योग्य वेळी सोबती निवडला.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मते एके ठिकाणी साठविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका जातीस वा एका धर्मास हाक घालणे. हा मार्ग जवळचा खरा, पण तो लवकर संपतो. डॉक्टर आंबेडकरांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तो कष्टकऱ्यांच्या नावाने. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले आणि कोकणातील सर्व जातींच्या कुळांचा प्रश्न आपला मानला. 1937 साली त्या पक्षाचे 14 उमेदवार निवडून आले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी एकत्र येणे न्याय्यच आहे. पण ज्या महापुरुषास आपल्या लोकांची हाक सर्वांत सहज घालता आली असती, त्यानेच पक्षाचा पाया इतका रुंद आखला, हे नव्या पक्षांनी विसरू नये. आपल्याच मंडळींत बसून टाळ्या घेणारा पक्ष कोंडवाड्यातला पक्ष होतो.

आता आमच्या व्यवहारी वाचकांचा आक्षेप. नव्यास मत दिले तर ते वाया जाईल आणि नको तो निवडून येईल, मग जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा काय वाईट? लोकसभा-विधानसभेपुरता हा आक्षेप अगदीच निराधार नाही, हे आम्ही कबूल करतो. परंतु तो ग्रामपंचायतीस, पंचायत समितीस व नगरपंचायतीच्या प्रभागास लागू पडत नाही. तेथे मतदार थोडे, उमेदवार ओळखीचा, आणि चूक झालीच तर तिची किंमतही बेताची. आडत्याकडे नवा माल आला तर तो सगळी वखार भरून घेत नाही. आधी मूठभर नमुना पाहतो. नव्या पक्षाचा नमुना पाहण्याची जागा ती हीच.

म्हणून जो नवा पक्ष दारी येईल त्यास तीन प्रश्न विचारावे. पैसा कोठून येतो व कोठे जातो, याचा हिशेब चारचौघांत मांडाल काय? तुमच्या सभासदांत गावच्या सर्व आळ्यांतील माणसे आहेत काय? आणि हरलात तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी रेशनच्या, पाण्याच्या, विहिरीच्या कामासाठी भेटाल कोठे? तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर त्या पक्षास मतच नव्हे, वर्गणीही द्यावी. नसेल, तर तो पक्ष नवा असला काय आणि जुन्या घरच्या वाटणीतून निघालेला असला काय, त्याचे नवेपण पाटीपुरतेच समजावे.

दीड लाख मतदारांनी आपली नाराजी एकदा नोंदविली आहे. नाराजीस संघटनेचे रूप दिले नाही तर ती पुढल्या निवडणुकीत कोणाच्या तरी वाऱ्याबरोबर उडून जाईल. नव्याचे नऊ दिवस होऊ द्यावयाचे की नऊ वर्षे, हे पुढाऱ्यांइतकेच फुलंब्रीच्या नागरिकांच्याही हाती आहे.