कॉइल मिळत नाही? मग गुंडाळा की!

सध्या एक फॅशन आली आहे. आजोबांचा मर्फी किंवा बुशचा रेडिओ माळ्यावरून खाली काढायचा, आतलं सगळं सामान भंगारात द्यायचं, त्या लाकडी खोक्यात एक ब्लूटूथ मॉड्यूल बसवायचं आणि ‘रीस्टोअर केला’ म्हणून मित्रांना फोटो पाठवायचे. खोकं दिसतं सुंदर, वादच नाही. पण याला रीस्टोअर म्हणायचं तर मग वाडा पाडून नुसता दिंडी दरवाजा ठेवला आणि मागे सात मजले चढवले की त्यालाही वाडाच म्हणायला हवं. (आमच्या पुण्यात म्हणतातही म्हणा!)

का केलं असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "अरे, कॉइल गेली होती. आता मिळत नाही ना." हे कारण मला अजिबात पटत नाही. व्हॉल्व्ह मिळत नाही म्हटलं तर समजू शकतो, काचेच्या नळीत निर्वात पोकळी करणं हा काही घरगुती उद्योग नव्हे. पण कॉइल? कॉइल म्हणजे एका नळीवर मोजून गुंडाळलेली तांब्याची तार. जुन्या रेडिओत स्वतःच्या हाताने, डायनिंग टेबलवर बसून नवा करता येईल असा जवळजवळ हा एकच भाग आहे. आणि नेमका तोच ‘मिळत नाही’ म्हणून आपण अख्खा रेडिओ मारतो.

मुळात ‘कॉइल गेली’ याचा अर्थ काय, हे कोणी बघतच नाही. बऱ्याचदा कॉइल धडधाकट असते आणि गेलेलं असतं ते टोक. केसाएवढी तार जिथे टॅगला सोल्डर केलेली असते तिथे दमट हवेने हिरवा गंज चढतो आणि तार तुटते. कोकणातला किंवा मुंबईतला रेडिओ असेल तर आधी तिथेच बघा. भिंग घ्या, एक वेढा उलगडा, इनॅमल खरवडा, पुन्हा सोल्डर करा. संपलं! दुसरी नेहमीची केस म्हणजे एरियल कॉइलचं प्रायमरी. बाहेरच्या लांब एरियलवरून विजेचा झटका आला की तेवढंच जळतं आणि शेजारचं सेकंडरी शाबूत राहतं. तिसरा प्रकार जरा फसवा. आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात कॉइलबरोबर छोटे कंडेन्सरही असतात. अभ्रकावर चांदीचा थर दिलेले असतील तर वर्षानुवर्षांच्या व्होल्टेजने ती चांदी सरकते, कडकड आवाज येतो, आणि दोष बिचाऱ्या कॉइलवर जातो. कंडेन्सर बदलला की काम झालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो ना? लॉग न वाचता ‘मॉड्यूलच रीराइट करू’ म्हणतो.

बरं, लिट्झ वायर असेल तर मात्र घाई नको. तिच्यात बारीक बारीक बऱ्याच तारा असतात आणि प्रत्येकीवर वेगळं इनॅमल असतं. एखादी जरी जोडायची राहिली तरी मल्टिमीटर ‘ठीक आहे’ म्हणेल, पण कॉइलची धार जाईल. म्हणजे स्टेशन लागेल, पण शेजारच्या स्टेशनला सोबत घेऊन. तीच गोष्ट आतल्या आत शॉर्ट झालेल्या वेढ्याची, मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी एलसी मीटर घ्या, आता फार महाग राहिलेला नाही.

आता दुसरा लाडका उपाय. जुन्या बाजारातून दुसरा रेडिओ आणायचा आणि त्याची कॉइल काढून आपल्यात लावायची. एक रेडिओ वाचवायला दुसऱ्याचा बळी देणं मला आवडत नाही हे आहेच, पण ते सोडून द्या. मुळात ती कॉइल जुळेलच असं नाही. मीडियम वेव्हवर रेडिओ साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ पकडतो. आयएफ ४५५ असेल तर आतला ऑसिलेटर त्याच वेळी ९८५ ते २०५५ वर चालायला हवा. म्हणजे एका बाजूला तिपटीचा प्रवास, दुसऱ्या बाजूला जेमतेम दुपटीचा, आणि दोन्ही गँग एकाच दांड्यावर! ही कसरत जमते ती त्या सेटच्या कॉइल, पॅडर आणि ट्रिमर यांनी आपापसात केलेल्या तडजोडीमुळे. दुसऱ्या सेटचा आयएफ ४७० असेल, गँग वेगळी असेल, तर परकी कॉइल त्या संसारात नांदत नाही. ऑसिलेटरची कॉइल चुकली की डायलवरचा काटा खोटं बोलायला लागतो. एरियलची चुकली तर काटा बरोबर राहतो, पण स्टेशन मलूल होतं.

गुंडाळायचं गणित सोपं आहे. हॅरॉल्ड व्हीलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२८ मध्ये एक सूत्र छापलं, ते आजही चालतं. एका थराच्या कॉइलची त्रिज्या आणि वेढ्यांची संख्या यांचे वर्ग गुणायचे. त्याला (९ गुणिले त्रिज्या अधिक १० गुणिले लांबी) याने भागायचं. मापं इंचात, उत्तर मायक्रोहेन्रीत. मीडियम वेव्हला ५०० पिकोफॅरडची गँग असेल तर साधारण २०० मायक्रोहेन्री लागतात. एक इंच जाडीच्या नळीवर ३४ गेजच्या इनॅमल वायरचे सुमारे ११५ वेढे दिले, तर सव्वा इंचाच्या आतच काम भागतं. पाच वेढे कमी पडले तर इंडक्टन्स साधारण साडेपाच टक्क्यांनी घटतो आणि फ्रिक्वेन्सी साधारण तीन टक्क्यांनी वर सरकते. तेव्हा मोजताना मोबाईल लांब ठेवा! मूळ कॉइल मधमाशांच्या पोळ्यासारखी तिरकी विणलेली असेल तर तशीच हाताने जमणं कठीण, पण जागा असेल तर सरळ एका थराची कॉइलही चालते. एफएम ट्यूनरची कॉइल तर चार-सहा वेढ्यांची जाड तार असते, ती नुसत्या पेन्सिलवर होते. वाळवून वरून थोडं मेण द्या. एम-सील किंवा फेव्हिक्विक कृपया नको, पुढच्या माणसाला ती उघडता आली पाहिजे.

हो, आणि व्हॉल्व्ह सेटमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असतात, एसी/डीसी सेटची तर चासीच लाइव्ह असू शकते. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर चार्ज धरून ठेवतो. तो डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका.

आता खरा आक्षेप. ऐकायचं काय? जर्मनीत डॉइचलँडफुंकने २०१५ च्या शेवटी मीडियम वेव्ह बंद केली, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०२० च्या जानेवारीत थांबलं, आकाशवाणीनेही कितीतरी ट्रान्समीटर बंद केले. खरंय, आणि याला माझ्याकडे फार दणकट उत्तर नाही. पण म्हणूनच घाई करा असं मी म्हणेन. कॉइल बरोबर बसली की नाही हे तपासायला खरं स्टेशन लागतं. सूर्य मावळल्यावर, ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करून काटा हळूहळू फिरवला की लांबची स्टेशनं अजून येतात. ब्लूटूथचं खोकं हे कधीच करणार नाही. त्यात शोधायचं काही नसतंच, सगळं आधीच निवडलेलं असतं.

कॉइल झाली की एक काम उरतं. किती वेढे, कुठलं गेज, कुठल्या दिशेने गुंडाळले आणि कोणतं टोक कुठल्या टॅगला, हे तारखेसकट कागदावर लिहा आणि कॅबिनेटच्या आतून चिकटवा. जुनी कॉइलही पाकिटात घालून तिथेच ठेवा. कोडमध्ये कॉमेंट लिहायचा कंटाळा आपण करतोच, इथे करू नका.