संगणकातली शेती



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा नातू नाशिकहून आमच्याकडे निफाड तालुक्यात राहायला आला होता. फराळाच्या डब्याबरोबर त्याने मांडीवर ठेवायचा संगणकही आणला. आमचा नातू त्याच्याच वयाचा, पाचवीतला. झाले! दोघांच्या मुंड्या त्या पडद्यात. आम्ही मोठी माणसे चाळीतला शेवटचा उन्हाळी कांदा निवडत बसलो होतो. सडका बाजूला, कोंब आलेला बाजूला. सूनबाईने जेवायला दोनदा हाका मारल्या, पण कोण ऐकतो? शेवटी मीच उठलो. म्हटले, बघू तरी काय एवढे आहे.

पाहतो तर पडद्यावर शेत! जलरंगांनी रंगवल्यासारखे. एक चष्मेवाला पोरगा झारीने पिकाला पाणी घालतोय.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर हा पोरगा तुम्हाला ठाऊक असणारच. हा नोबिता. जपानात फुजिको फुजिओ या नावाने चित्रे काढणाऱ्या चित्रकाराने १९६९ मध्ये मुलांच्या मासिकांतून 'डोरेमॉन'ची चित्रकथा सुरू केली. पुढे तिची हलती चित्रे झाली आणि टीव्हीवरून हिंदी बोलत ती आपल्या ओसरीपर्यंत आली. नोबिता आळशी, परीक्षेत भोपळा मिळवणारा. त्याच्याकडे बाविसाव्या शतकातून आलेले यंत्राचे निळे मांजर, म्हणजे डोरेमॉन. पोर रडले की ते पोटावरच्या पिशवीतून काहीतरी जादूची वस्तू काढते आणि वेळ निभावून नेते.

त्याच कथेवर जपानात २०१९ मध्ये हा शेतीचा खेळ निघाला. त्यात असे होते की नोबिताला एक बी सापडते. ते पेरल्यावर त्याचे मोठे झाड होते, वादळ येते आणि सगळी मित्रमंडळी भलत्याच गावात जाऊन पडतात. पिशवीतल्या जादूच्या वस्तू हरवतात. त्या गावची मुले मोठ्यांच्या हाताखाली कामे करतात, म्हणून यांनाही कामाला लागावे लागते. नोबिताच्या वाट्याला एक पडीक शेत येते. दगडधोंडे वेचायचे, जमीन खणायची, बी टाकायचे, पाणी द्यायचे. गाई आणि कोंबड्याही पाळायच्या. दमला की गडी जागच्या जागी झोप काढतो. तेवढे मात्र जुन्या नोबितासारखेच!

मला गंमत वाटली ती याची, की जादूची पिशवी रिकामी झाल्यावर ते आळशी पोर शेतकरी झाले.

असल्या शेतीच्या खेळांचे मूळही ऐकण्यासारखे आहे. यासुहिरो वाडा नावाचे एक गृहस्थ जपानच्या दक्षिणेकडच्या मियाझाकी प्रांतात, खेड्यापाड्याच्या मुलखात वाढले आणि नोकरीसाठी टोकियोला गेले. शहरात राहून त्यांना गावाची ओढ लागली. त्या ओढीतून त्यांनी १९९६ मध्ये शेतीचा खेळ काढला. त्यात मारामारी नाही, बंदुका नाहीत. पेरायचे, राखायचे आणि गावातल्या माणसांशी घरोबा करायचा. त्याच मालिकेत पुढे नोबिताचे हे शेत आले. म्हणजे बघा, गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मनात गाव राहिले आणि जगभरची पोरे ते खेळू लागली. आपल्या मुली भातुकलीत खोटा भात शिजवतात आणि पोळ्याला पोरे मातीचे बैल मिरवतात, त्याच जातीचा हा खेळ. मोठ्यांचे जगणे लहान करून खेळायचे.

आता खरी गोष्ट सांगतो. खेळात पीक निघाले की पोरे ते एका पेटीत टाकत होती, आणि पेटीतून पैसे जमा होत होते. आमच्या नातवाने मला विचारले, "बाबा, याच्या पेटीत माल टाकला की पैसे येतात. आपण लासलगावला माल टाकतो, तर पप्पा घरी येऊन गप का बसतात?"

मी म्हटले, "तुला हे शेत एवढे का आवडते रे?"

तर म्हणतो, "तिथे संध्याकाळी कोणी चिडत नाही."

मंडळी, माझ्या हातातला कांदा हातातच राहिला. माझा मुलगाही ऐकत होता. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री तो जेवला नाही.

आमचा मुलगा नेहमी म्हणतो, याला शेतीत पाडायचा नाही. म्हणून आम्ही पोराला कधी बाजार समितीत नेले नाही, हिशेब दाखवला नाही. त्याला दिसला तो फक्त राग. तो कशाचा, हे कोणी सांगितलेच नाही. तुमच्याही घरात असेच चालत असेल तर जरा विचार करा. कारण न कळलेला राग पोराला आपल्यावरचाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची पेटी उघडली आणि फेब्रुवारी २०२३ ची पट्टी पोरांपुढे ठेवली. त्या महिन्यात लाल कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला होता आणि २७ तारखेला शेतकऱ्यांनी लासलगावचे लिलाव बंद पाडले होते. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता खाली काय उरले, ते नातवानेच मोठ्याने वाचले. पुढचेही सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उघडली, पण शुल्क राहिलेच. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून निघाले. "भाव आपण ठरवत नाही, बाळा. म्हणून पप्पा गप बसतात. तुझ्यावर रागवून नाही."

नाशिकचे पोर म्हणाले, "आजोबा, मग खेळात हे का नाही?" मी म्हटले, "असते तर तो खेळ कोणी विकत घेतला असता का?" दोघेही हसले. माझा मुलगाही हसला.

मग मुलानेच एक केले. कांद्याचे रोप टाकायचे चालले होते, त्यात एक वाफा त्याने पोराच्या नावाने काढून दिला. बी त्यानेच टाकायचे, पाणी त्यानेच द्यायचे. पोराने खेळातल्यासारखे रोज भरभरून पाणी घातले. रोप उगवले छान, पण वाफ्यात पाणी साचून राहिले आणि निम्मे रोप मरीने बसले. पोर रडले. म्हणाले, "खेळात बंद करून पुन्हा सुरू करता येते." त्याचा बाप त्याच्याशेजारी वाफ्यात बसला आणि म्हणाला, "आपण पण पुन्हा टाकू. पण या खेपेला गादी उंच करू, म्हणजे पाणी निघून जाईल." बापलेक तिन्हीसांजेपर्यंत माती ओढत होते. त्या संध्याकाळी घरात कोणी चिडले नाही.

आयाबायांनो, बाप्यांनो, मी काही सगळ्यांनी पडदा विकत घ्या म्हणत नाही. जेवताना तो बंदच हवा, झोपताना तर हवाच हवा. पण हिसकावून घेण्याआधी एकदा पोराशेजारी बसून बघा ते काय खेळते. शेतीचा खेळ असेल तर सोन्याहून पिवळे. त्यातूनच बोलणे काढा. मग एक वाफा द्या, मुलालाही आणि मुलीलाही. आणि पट्टी लपवू नका. पुढे पोराने शेती करावी की नोकरी, ते त्याचे तो ठरवील. पण घर कशावर चालते आणि कशाने दुखते, हे त्याला ठाऊक असावे.

आमच्या त्या वाफ्यातले रोप आता वीतभर झाले आहे. लागण त्याच्याच हातची करायची ठरली आहे.

बरे, पुढच्या आठवड्यात भेटू.