डावा कोपरा इराणचा, मग आपली पोरं कुठायत?

यात्रांचा हंगाम आला की जुन्नर-आंबेगावात गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. यंदा ती आखायच्या आधी मनात साचलेलं बोलून टाकतो. कडू लागलं तर लागू द्या.

२०२२ ला पुणेरी पलटणनं फजल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतलं. डावा कोपरा, इराणचा. २०२३ ला त्यांनी मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. पुन्हा डावा कोपरा, पुन्हा इराणचा. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणनं पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवून स्टेटस ठेवले. मीही ठेवला. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, पंकज मोहिते आपला, आकाश शिंदे आपला. सगळे चढाईवाले. बचावात मध्यात संकेत सावंत होता, पण कोपरे? दोन्ही बाहेरचे.

पलटणला दोष देत नाही. पैसे लावणारा चांगला माल जिथं मिळेल तिथून घेणार. प्रश्न आपल्याला आहे. ज्या पुण्याच्या नावानं संघ खेळतो, त्या जिल्ह्यात गल्लीगल्लीत कबड्डी आहे, आणि कोपऱ्यात उभं राहायला माणूस इराणमधून आणावा लागतो?

आता देशाचा संघ बघा. २०२३ ला हांगझोऊला आशियाई स्पर्धेत आपण सुवर्ण जिंकलं. बारा जणांच्या त्या संघात महाराष्ट्राचे दोघं होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. दोघंही चढाईचे. बचावफळीत महाराष्ट्राचा एकही नाही.

मातीत दम नाही म्हणावं तर तेही खोटं. गिरीश इर्नाक याच महाराष्ट्राचा. डाव्या कोपऱ्यात उभं राहून भल्याभल्यांचे घोटे धरले त्यानं, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. म्हणजे कोपरा इथं घडतो. घडतो, पण चाळणीतून खाली पडतो. ती चाळणी म्हणजे आपली निवड चाचणी.

एक प्रसंग सांगतो. पोराचं, गावाचं, चाचणी कुणाची होती याचं नाव घेत नाही. वय सतरा. यात्रेच्या सामन्यात मी त्याला पाहिलं होतं. सबंध सामन्यात समोरचे चढाईवाले त्याच्या बाजूला फिरकतच नव्हते. त्याच्या शेजारी कव्हरला त्याचा चुलतभाऊ. एकानं घोटा धरला की दुसरा अंगावर. डोळ्यांनी बोलायची ती जोडी. पुढं हा एकटाच चाचणीला गेला. सात अनोळखी पोरं एकत्र उभी केली, कुणाचं नाव कुणाला माहीत नाही. यानं तीनदा घोटा धरला, तिन्ही वेळा शेजारच्याची मदत आली नाही, तिन्ही वेळा समोरचा ओढत रेषेवर गेला. जेमतेम सात-आठ मिनिटांत खेळ खलास. ‘पुढच्या वर्षी ये.’ पुढच्या वर्षी तो आला नाही. आता नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट घेऊन पिकअप चालवतो. काम इज्जतीचं आहे, त्याबद्दल शब्द नाही. पण त्याला खेळ येत नव्हता म्हणून तो तिथं गेला नाही, एवढंच माझं म्हणणं.

जरा शांत डोक्यानं विचार करा. चढाई एकट्याची असते. तीस सेकंदांत पोरगा पाय दाखवतो, हात दाखवतो, बोनस घेतो. बाकावर बसलेल्याला लगेच दिसतं. पकड मात्र दोघा-तिघांची, कधी साखळीची. ती सवयीनं जमते, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून. अनोळखी पोरांत कोपऱ्याची परीक्षा घेणं म्हणजे एकच बैल जुंपून गाडा पळवायला लावणं आणि वर म्हणणं, बैलात दम नाही!

हिशोबही कसा उलटा बघा. चढाईवाला रिकाम्या हातानं परत आला तर त्याला कुणी नाव ठेवत नाही, ‘अंदाज घेत होता’ म्हणतात. कोपऱ्याची पकड फसली की समोरच्याला गुण, हा बाहेर, आणि वहीत त्याच्या नावापुढं फुली. आणि ज्याच्या धाकानं चढाईवाला त्या बाजूला गेलाच नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत होते? कुठल्याच नाही.

जरा लांबचं उदाहरण देतो. नेदरलँड्स हा फुटबॉलवेडा देश, आक्रमणासाठी जगात नावाजलेला. २५ मार्च २०१७ ला बल्गेरियात सामना होता. त्यांनी बचावात मॅथाइस डी लिख्त नावाचं सतरा वर्षांचं पोरगं उतरवलं. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल बसले, त्यात या पोराच्या चुका. मध्यंतराला त्याला बाहेर काढलं. सामना ०-२ गेला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, पण पोराची नाही, प्रशिक्षक डॅनी ब्लिंड यांची! पोरगं टिकवलं. अठराव्या वर्षी ते आयाक्स क्लबचं कर्णधार झालं, २०१९ ला त्यांना चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत घेऊन गेलं आणि त्याच वर्षी युव्हेंटसनं साडेसात कोटी युरो मोजून त्याला नेलं. आपल्याकडं असता तर? ‘पुढच्या वर्षी ये.’

बचाव उशिरा पिकतो, हे त्यांना कळतं. चुका केल्याशिवाय कोपऱ्याला वेळ कळत नाही. इराणकडं तरी काय वेगळं आहे? कुस्तीची जुनी परंपरा. ती आपल्याकडं नाही? यात्रेचा आखाडा काय फक्त नारळ फोडायला असतो?

आता दोष वाटून घेऊ. पहिला माझा. वीस वर्षं बातम्या लिहितोय. शीर्षक कायम चढाईवाल्याला दिलं, फोटो चढाईचा छापला, पकडीवाल्याचं नाव शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. दुसरा दोष मंडळांचा. उत्कृष्ट चढाईला मोठी ट्रॉफी आणि पाकीट, उत्कृष्ट पकडीला छोटी ट्रॉफी आणि टाळ्या. बारा वर्षांचं पोरगं ते बघतं आणि ठरवतं, आपण चढाईच करायची. तिसरा दोष आपल्या सगळ्यांचा. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत पोरं घरी हवीत, हे मी बाप म्हणून समजू शकतो. सराव एक तास कमी होतो. पण त्या कमी झालेल्या वेळात पहिली काट जोडीच्या सरावाला लागते, कारण चढाईचे पाय पोरगा अंगणात एकटाही घोटवतो. शाळेच्या मैदानावर दिवे आणि पोरांना घरी सोडायला एक गाडी, एवढं गाव मिळून करू शकत नाही?

मागणी काय, तर साधी आहे.

१. चाचणीत कोपरा आणि कव्हर जोडीनं बघा. एकाच मंडळाची जोडी असेल तर एकत्र उतरवा. निदान एक पूर्ण सामना खेळू द्या.
२. पकडीचा प्रयत्न, जमलेली पकड, आणि चूक नेमकी कुणाची, हे वहीत वेगळं लिहा. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, चित्रीकरण करा.
३. निवड करणाऱ्यांत एक तरी जुना कोपरा खेळलेला माणूस बसवा.
४. यात्रेत चढाईला जेवढं बक्षीस, तेवढंच पकडीला. रुपया कमी नको.
५. एका फसलेल्या चाचणीवर सतरा वर्षांच्या पोराला घरी पाठवू नका. एक हंगाम द्या.

काही जण म्हणतील, ‘शंभर पोरं येतात, एवढा वेळ कुठून आणायचा?’ भाषणांना, सत्काराला, शाल-श्रीफळाला दीड तास कुठून येतो, तिथूनच आणा.

यात्रा कमिटीतल्या मित्रांनो, चौथी मागणी तर पूर्ण तुमच्या हातात आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. जे गाव यंदा पकडीला चढाईएवढं बक्षीस देईल, त्यांनी खाली कमेंटमध्ये कळवा. त्या गावच्या बातमीचं शीर्षक पकडीवाल्याच्या नावानं लिहीन. हा माझा शब्द.