एका गोळीचा हिशोब

परवा रविवारी सकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासात असतो. नेहमीप्रमाणे हवापाणी, कापसाचा भाव, आईचे गुडघे असं सगळं बोलून झालं आणि मग म्हणाला, "मामा, थांब, तुला एक गंमत दाखवतो." आत जाऊन त्याने एक काळी, गोल, जाडजूड वस्तू आणली. मला आधी वाटलं, लाडवांचा डबा असेल. निघालं ड्रम मॅगझिन. शंभर गोळ्यांचं. त्याच्याकडे एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे, तिला हे खाली लावायचं. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर रेंजवर जातो, पुठ्ठ्याच्या निशाण्यांवर गोळ्या झाडतो आणि घरी येतो. "एकदा भरलं की बघायलाच नको, सारखं थांबून भरायची कटकट नाही," तो म्हणाला.

मी "बरं बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते "थांबायची कटकट नाही" दिवसभर डोक्यातून जाईना.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी. पुढची गोळी आपोआप नळीत येते, घोडा मात्र दर वेळी दाबावा लागतो. साधं मॅगझिन दहा, वीस, तीस गोळ्यांचं, सरळ किंवा केळ्यासारखं वाकडं. ड्रममध्ये गोळ्या गोल गोल रांगेत बसवलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना एकेक करून पुढे ढकलते. कल्पना जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या थॉमसन गनलाही ड्रम असे. फरक इतकाच, की आता ही वस्तू कुणाच्याही घरच्या कपाटात असू शकते. अमेरिकेत 1994 ते 2004 अशी दहा वर्षं दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन सामान्य लोकांना विकायला देशभर बंदी होती. मुदत संपली, कायदा पुन्हा झाला नाही. काही राज्यांनी आपापले नियम केले, टेक्सासात तसा नियम नाही. म्हणजे भाच्याने कायदा मोडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरीही बंदूक होती. आबांची ठासणीची. पिकाच्या राखणीसाठी परवाना होता. रात्री जागलीला जाताना ती खांद्यावर असायची. रोही आणि डुकरं कापसात, तुरीत शिरली की एक बार हवेत काढायचा. पण तो एक बार काढायचा म्हणजे केवढा व्याप! आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठासायचं, मग टोपी बसवायची. बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. आबा म्हणायचे, "बार वाया गेला त रात वाया गेली, बाबू." त्यामुळे बार काढण्याआधी ते दहादा पाहायचे. समोर खरंच डुक्कर आहे, की शेजारचा गडी परसाकडे निघाला आहे?

आमच्या जिल्ह्याला एका गोळीचं मोल चांगलं माहीत आहे. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-1 वाघीण, म्हणजे अवनी, मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना सुटल्यासारखं वाटलं, शहरात मोर्चे निघाले. त्या वादात आज शिरत नाही. पण आठवून पाहा, त्या एका गोळीचा केवढा हिशोब मागितला गेला! गोळी कुणी झाडली, परवानगी कुणाच्या नावाची होती, बेशुद्धीचा डार्ट आधी मारला होता का, वाघिणीचं तोंड कुठल्या बाजूला होतं, डॉक्टर हजर होता का. शवविच्छेदन झालं, चौकशी समित्या बसल्या. आणि हे सगळं एका गोळीसाठी. मला ते योग्यच वाटतं. जीव घेणाऱ्या गोळीला हिशोब असलाच पाहिजे.

आता शंभर गोळ्यांचा हिशोब पाहा. 4 ऑगस्ट 2019 ला ओहायोतल्या डेटन गावात एका माणसाने असंच शंभराचं ड्रम लावून बारबाहेरच्या गर्दीवर गोळीबार केला. पोलीस जवळच होते, अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्यांनी त्याला मारलं. तेवढ्यात एकेचाळीस गोळ्या सुटल्या होत्या आणि नऊ माणसं गेली होती. यापेक्षा लवकर पोलीस कुठे पोचणार?

उलट 8 जानेवारी 2011 ला ॲरिझोनात टूसॉनला काय झालं? तिथल्या हल्लेखोराच्या पिस्तुलात तेहेतीस गोळ्यांचं मॅगझिन होतं. सहा माणसं गेली. पण ते संपल्यावर दुसरं लावायला तो थांबला, आणि तेवढ्यात लोकांनी त्याला खाली पाडलं. साठी ओलांडलेल्या एका बाईने नवं मॅगझिन त्याच्या हाती लागू दिलं नाही. किती वेळ मिळाला असेल त्यांना? काही सेकंद. पण त्या काही सेकंदांतच बाकीचे वाचले.

मी हे रात्री भाच्याला फोन करून सांगितलं. तो हुशार आहे, त्याचे मुद्देही खोटे नाहीत. म्हणाला, "मामा, सराव असलेला माणूस दोन सेकंदांत मॅगझिन बदलतो. आणि ही ड्रम अडकतातही." खरं आहे. 2012 साली कोलोरॅडोत ऑरोराच्या थिएटरमध्ये हल्लेखोराचं शंभराचं ड्रम मध्येच अडकलं. तरी बारा माणसं गेली. पण मी म्हणतो, अडकलं म्हणून माणसं वाचली असतील, तर ते न अडकण्याची खात्री आपल्याला कशाला हवी? आणि दोन सेकंद काहीच नसतील, तर ते वाचवण्यासाठी एवढी मोठी वस्तू विकत का घ्यायची?

थांबावं लागणं ही कटकट नसते, हे आम्हाला 2017 मध्येही दिसलं. त्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. कापूस डोक्याएवढा वाढलेला, औषधांची मिसळ, अंगात ना मास्क ना हातमोजे. पण एका कारणाची चर्चा गावोगाव ऐकली. ती म्हणजे बॅटरीवरचे नवे जोरदार पंप. जुन्या पंपाचा दांडा हलवून हात भरून यायचा, माणूस बांधावर बसायचा, पाणी प्यायचा. नव्या पंपाने ते बसणंच काढून घेतलं.

आपल्याकडे सामान्य माणसाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल जवळपास मिळतच नाही, आणि परवान्यावर किती काडतुसं बाळगायची तेही लिहिलेलं असतं. ते तसंच राहावं असं मला वाटतं. भाच्याला मी रायफल विकून टाक म्हटलं नाही. तो त्याचा देश, त्याचा छंद. एवढंच म्हटलं, "दहाचं लाव. दहा झाले की थांब, जरा इकडेतिकडे बघ, मग भर." तो हसला. मग म्हणाला, "आबांसारखं?"

हो रे बाबा, आबांसारखंच.

त्याची मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेत तिला शिकवलंय, गोळीबार झाला तर दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं. त्या कोपऱ्यात बसलेल्या पोरीला दोन सेकंद जास्त मिळावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.