कौतुक नको, सोबत हवी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळात एक परदेशी दांपत्य आपल्या दहा वर्षांच्या मुलीस घेऊन आले होते. कामानिमित्त ते वर्ष-दोन वर्षांसाठी या शहरी राहावयास आलेले. मुलगी महाराष्ट्रातील एका संस्थेतून दत्तक गेलेली. कार्यकारिणीने तत्परतेने उभयतांना व्यासपीठावर बोलावले, शाल-श्रीफळ दिले, आणि एका वक्त्यांनी ‘केवढे या मुलीचे भाग्य!’ असे उद्गार काढून टाळ्या मिळविल्या. समारंभ आटोपल्यावर त्या बाईंनी आम्हांस एवढेच विचारले, की येथे अशी आणखी कुटुंबे आहेत काय, आणि मुलीला तिच्या वयाच्या मराठी मुलींत मिसळता येईल काय? आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. त्यांनी सोबत मागितली होती. आम्ही नारळ दिला.

हा दोष एकट्या वक्त्याचा नव्हे, आम्हां सर्वांचा आहे. दत्तक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वंश, वतन आणि पिंडदान उभे राहते. आणि परदेशी दत्तक म्हटले की दानधर्म. मूल या दोहोंत कोठेच नसते. १९७९ साली पुण्यात जन्मलेली व तान्हेपणीच दत्तक गेलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, तेव्हा तिला ‘आपली’ म्हणण्याची आम्हांला कोण घाई झाली! परंतु जी कर्णधार झाली नाही, जी परमुलखातील शाळेच्या बाकावर आपल्या वर्णाची एकटीच बसते, ती कोणाची?

‘घरात माया असली म्हणजे झाले’ हा यावरील ठरीव युक्तिवाद. तो किती तोकडा आहे हे कोरियाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील युद्ध १९५३ साली थांबले. १९५५ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या होल्ट दांपत्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला. पुढील काही दशकांत सुमारे २ लाख कोरियन मुले पश्चिमेकडे गेली असा अंदाज आहे. त्यांतील कित्येकांना आईबाप मायाळूच लाभले. तरीही स्वीडनमधील वयात आलेल्या कोरियन दत्तकांनी १९८६ साली स्वतःची संघटना काढली, आणि १९९९ साली वॉशिंग्टन येथे असे सुमारे ४०० जण एकत्र जमले. घरी माया असता ही माणसे अनोळखी लोकांच्या मेळाव्यास का गेली? आरशातला आपला चेहरा घरात दुसऱ्या कोणाचाच नसतो; ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न मात्र रस्तोरस्ती भेटतो. त्याचे उत्तर आईबापांना स्वानुभवाने देता येत नाही. ते देऊ शकतो तो त्याच वाटेने आधी गेलेला. म्हणून अशा कुटुंबांचे मेळावे पालकांच्या परस्परस्तुतीसाठी नसावेत. तेथे मोठ्या झालेल्या दत्तकांनी बोलावे आणि पालकांनी ऐकावे, मग ते कटू का असेना.

आणि ते कटू असतेच. अनेक मुलांची कागदपत्रे खोटी केली गेली, आईबाप असलेली मुले अनाथ म्हणून नोंदविली गेली, असा निष्कर्ष दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये काढला. येथे आम्हां कारकुनांचा संबंध येतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकविधानास चौकट घालून दिली. २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. या पानांच्या वाचकांपैकी कोणाच्या तरी टेबलावरून ती फाईल जाणारच. रकान्यात ‘पालक अज्ञात’ लिहून मोकळे होणे सोपे असते. तीस वर्षांनी मुळाचा शोध घेत येणाऱ्यास मात्र तेवढ्याच दोन शब्दांत आपला जन्म वाचावा लागतो. परदेशी गेलेल्या मुलाचे अहवालही नियमाने दोनच वर्षे मागविले जातात: पहिल्या वर्षी तिमाही, दुसऱ्या वर्षी सहामाही. मुलाचे प्रश्न त्यानंतरच सुरू होतात.

कोणी म्हणेल, मुले परदेशी जाऊच देऊ नयेत. चीनने २०२४ साली हे दार जवळजवळ बंद केले. तो वाद महत्त्वाचा आहे; पण जी गेली, त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आम्ही बदलीच्या हुकुमाने, बायकामुलांसह, परतीच्या रजेची सोय ठेवून परप्रांती आलो. तरी दर सणाला मंडळाकडे धावतो, मुलांच्या कानी मराठी पडावी म्हणून तळमळतो. जिला हुकूम दाखविला गेला नाही, रजा नाही, मूळ गावाचे नावही ठाऊक नाही, तिची गरज आमच्यापेक्षा कमी कशी?

ते कुटुंब अद्याप याच शहरी आहे. आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठराव ठेवला आहे: अशा कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, एक नोंदवही असावी, बालवर्गात त्यांच्या मुलांना जागा असावी, आणि सत्कार करू नये. इतर गावच्या मंडळांनीही तसाच ठराव करावा, अशी आमची मागणी आहे.