प्लॉटवर तुम्ही स्वतः गेला होता का?

माझी भाची शिरूरची. पुण्यात सिव्हिल इंजिनिअर झाली आणि आता दुबईत, मालमत्तेची किंमत ठरविणाऱ्या एका कचेरीत आहे. लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या चार्टर्ड सर्व्हेयर्सच्या संस्थेची परीक्षा तिला द्यायची आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, तुम्ही परीक्षक व्हा आणि मला आडवेतिडवे प्रश्न विचारा." जन्म बँकेत गेलेला, हे काम मला सांगायला नको होते.

तिथली शेवटची परीक्षा तोंडी असते, तासाभराची. समोर त्याच धंद्यात मुरलेली माणसे. आपण केलेल्या एका कामाची मांडणी दहा मिनिटांत करायची आणि मग प्रश्न. गोष्ट माहीत आहे, ही पहिली पायरी; स्वतः केली आहे, ही दुसरी; कारणे देऊन दुसऱ्याला सल्ला देता येतो, ही तिसरी. सचोटीच्या प्रश्नात घसरलात, तर बाकीचे उत्तम येऊनही नापास.

आपल्याकडे कंपनी कायद्याखाली २०१७ साली मूल्यांकनकारांसाठी नियम झाले. पदवी, अनुभव, पन्नास तासांचे शिक्षण आणि संगणकावर पर्याय निवडण्याची परीक्षा. साठ टक्के मिळाले की उत्तीर्ण. पूर्वीपेक्षा हे बरेच बरे, यात वाद नाही. पण 'तू त्या जागेवर काय पाहिलेस?' हे त्या परीक्षेत कुणी विचारीत नाही आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

त्याला कारणही आहे. १९९४ च्या सुमारास मी दौंड भागात कर्जे पाहत होतो. कुरकुंभला औद्योगिक वसाहत आलेली, जमिनींना भाव चढलेला. वेल्डिंगचे वर्कशॉप काढणाऱ्या एका तरुणाने बिनशेती प्लॉट तारण दिला. पॅनेलवरच्या मूल्यांकनकाराचा अहवाल आला. टंकलेखन सुबक, फोटो जोडलेले, चतुःसीमेत 'पूर्वेस वीस फुटी रस्ता'. मी सही केली.

कर्ज थकले, दावा झाला, लिलाव पुकारला. एकही बोली आली नाही. पूर्वेला ओढा होता. रस्ता फक्त नकाशावर आणि फोटो शेजारच्या प्लॉटचे. जामीनदार होता त्या तरुणाचा मावसभाऊ, दौंडच्या रेल्वेतला साधा कामगार. त्याच्या पगारातून दोन वर्षे कपात झाली. ज्याने रस्ता लिहिला, त्याच्या खिशातून एक पैसाही गेला नाही. माझ्याही नाही.

गंमत अशी, की हा धडा या जिल्ह्याने पूर्वीच गिरवला होता. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी आणि जमिनीची प्रतवारी केली, तिच्यावर १८३० च्या सुमारास सारा बसला. हिशेब मोठा शास्त्रीय. पण शिवारात फिरणाऱ्या हाताखालच्या माणसांनी खोट्यानाट्या नोंदी केलेल्या. सारा रयतेला पेलेना, जमिनी पडीक पडू लागल्या. शेवटी १८३६ साली दौंडच्या शेजारी इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने साखळी धरली. मातीच्या नऊ प्रती ठरविल्या आणि मुख्य म्हणजे, मोजणीदाराने मोजलेल्या जमिनीपैकी काही वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासायची, अशी रीत घातली. सरकारला महसूल हवा होता, रयतेचा कळवळा किती हा प्रश्न वेगळा. पण मोजणाऱ्याची परीक्षा शिवारातच होते, हे त्यांना उमगले होते.

आपल्याकडेही हे अवघड नाही. नोंदणी देण्याआधी उमेदवाराने केलेल्या कामांपैकी एक निवडावे, दोन जाणत्यांनी त्याला घेऊन त्या जागी जावे आणि तिथे उभे राहून विचारावे. खर्च येईल, वेळ लागेल. त्या जामीनदाराच्या दोन वर्षांपुढे तो जास्त वाटत नाही.

भाचीला मी विचारले, "तुझ्या अहवालातली एक चूक सांग." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग एका गोदामाचे क्षेत्रफळ तिने जुन्या नकाशावरून घेतले होते, ते सांगितले. दुसऱ्या दिवशी फीत घेऊन पुन्हा गेले, म्हणाली. मी तिला कुरकुंभची हकिगत सांगितली.

"मामा, सही करण्याआधी त्या प्लॉटवर तुम्ही स्वतः गेला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "मार्चअखेर होती."